प्लॅस्टिकमधली डिग्री

सव्वीस वर्षं मी लोकांच्या डिग्र्या अंगठ्याने चाचपून बघितल्या. शिक्का दाबून उमटवलेला आहे की नुसता छापलेला, कागद विद्यापीठाचा आहे की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा, सही पेनाची आहे की प्रिंटरची, हे सगळं अंगठ्याला कळतं. डोळ्यांना चष्मा लागला, अंगठ्याला काही झालं नाही. मागच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने केक आणला. केकवर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून मी लोकांना तीन-तीन महिने ताटकळत ठेवलेलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

काम समजायला सोपं आहे. बाहेरच्या देशात शिकलेला माणूस अमेरिकेत नोकरीला, पुढच्या शिक्षणाला किंवा व्हिसाला अर्ज करतो, तेव्हा समोरच्याला प्रश्न पडतो की ही डिग्री आपल्याकडच्या कशाएवढी. त्याला नागपूर काय, नैरोबी काय, सगळं सारखंच. मग तो आमच्यासारख्या ऑफिसकडे बोट दाखवतो. आम्ही कागद खरे आहेत का ते बघायचं, विषय मोजायचे, मार्क इथल्या मापात बसवायचे आणि दोन पानांचा अहवाल द्यायचा. माणूस शहाणा आहे का हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कधी आपण होऊन सांगितलं नाही.

त्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ती गिऱ्हाईक म्हणून. पिस्कॅटवे नावाच्या गावात एका स्ट्रिप मॉलच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेच्या, वरच्या मजल्यावर ते होतं, खाली डोसा मिळायचा. मी नागपूरची, तत्त्वज्ञानात एम.ए. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं शिकलेले. अहवाल आला, त्यात माझी मास्टर्स इथली बॅचलर्स झाली होती. एक वर्ष विमानात कुठेतरी गहाळ झालं होतं. मी भांडायला वर गेले. लिंडा नावाच्या बाई तिथल्या प्रमुख होत्या. त्यांनी माझं सगळं भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला नियम फार चांगले कळलेत, टायपिंग येतं का? पुढची सव्वीस वर्षं मी इतरांची वर्षं गहाळ करत होते.

गिऱ्हाइकं एकेक भारी. एक पुण्याच्या आई होत्या. विद्यापीठाने सीलबंद केलेलं पाकीट न फोडता आमच्याकडे यायला हवं असा नियम. बाईंनी ते चहाच्या वाफेवर उघडलं, आत आपल्याच मुलाचे मार्क आहेत ना याची खात्री केली आणि शितं लावून पुन्हा चिकटवलं. एक अख्खं शीत कडेला वाळून बसलं होतं. मी पाकीट परत पाठवलं, तर त्यांनी फोन करून मला विचारलं, "अहो, आत दुसऱ्याचे कागद असते तर तुम्ही जबाबदारी घेतली असती का?" मुद्दा बिनतोड होता, पाकीट बाद होतं.

बेलव्ह्यूहून एका गृहस्थांचा फोन यायचा. ते मोठ्या कंपनीत सत्तावीस माणसांचे मॅनेजर होते, हे दर फोनला पहिल्या वाक्यात यायचं. "मॅडम, आय मॅनेज ट्वेंटी-सेव्हन पीपल. मला तुम्ही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सी कसा काय दिलात?" मी म्हटलं, "मी नाही दिला. तुमच्या सरांनी दिला. मी नुसता इकडे आणला." त्यावर ते म्हणाले, "यार, ते सर माझ्यावर खुन्नस ठेवून होते." बावन्न वर्षांचा माणूस. त्याला ते सर अजून सलत होते.

पण या सगळ्यांच्या वर एक जमात होती, ती लॅमिनेशनवाल्यांची. आपल्याकडे मूल पास झालं की पेढे आणि प्लॅस्टिक एकाच संध्याकाळी आणायची पद्धत. दहावीपासून पुढचं एकूण एक सर्टिफिकेट दोन पारदर्शक थरांत कायमचं बंद करायचं. तिकडे त्याला अर्थ होता. दमट हवा, कसर, वाळवी आणि कौतुकाने बघायला आलेल्या शेजाऱ्याच्या हातातला चहा. पण लॅमिनेट केलेल्या कागदाचा शिक्का हाताला लागत नाही, मागची बाजू नीट दिसत नाही आणि मधे कुणी काही खोडून चिकटवलं तर पत्ता लागत नाही. शिवाय प्लॅस्टिक काढायला जावं तर शाई त्याच्याबरोबर निघते. जगातल्या दीडशे देशांतून आमच्याकडे कागद यायचे. लॅमिनेट केलेले बहुतेक आपल्या माणसांचे.

तेव्हा मीच नियम करून घेतला. लॅमिनेट केलेली मूळ प्रमाणपत्रं स्वीकारली जाणार नाहीत. लिंडाने ते लाल अक्षरांत छापून काउंटरवर लावलं. हा नियम इतका उपयोगी ठरला की मला त्या वर्षी पगारवाढ मिळाली.

त्या नियमाने मी एका बाईंना परत पाठवलं, ते सांगायला हवं. बी.एड. झालेल्या, तिकडे बारा वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. डिग्री लॅमिनेट केलेली, कॉलेज बंद पडलेलं, जुनं दप्तर कुठे गेलं कुणाला ठाऊक नाही. दुसरा कागद मिळणं शक्य नव्हतं. लिंडाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला ती डिग्री खरी वाटते का?" मी म्हटलं, वाटते. "मग?" मी लाल पाटीकडे बोट दाखवलं. त्या बाई आता आमच्या इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर असतात आणि हिशेब मशीनच्या आधी तोंडी सांगतात. मी शक्यतो दुसऱ्या रांगेत उभी राहते.

आता रेवाची गोष्ट. ही माझ्या नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्यातली.

रेवा आमच्याच रस्त्यावरच्या हेमंत आणि अपर्णाची मुलगी. हेमंत मूळचा पुण्याचा, पंचवीस वर्षं एका इन्शुरन्स कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. अपर्णा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, घरातसुद्धा ती दार बंद केल्यावर दोनदा ओढून बघते. रेवा इथेच जन्मली. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेली, म्हणजे आई-बापांनी घातली, आणि दुसऱ्या वर्षी तिने विषय बदलून फ्रेंच आणि जर्मन घेतलं. आमच्या इथल्या मराठी मंडळात ही बातमी दबक्या आवाजात पसरली. कुणाच्या मुलाला अटक झाली असती तर लोक जरा मोकळेपणाने बोलले असते.

बी.ए. झाल्यावर ती मास्टर्सला युरोपात गेली. तौलनिक साहित्य, आणि तेही दोन देशांचं मिळून. पहिलं वर्ष फ्रान्समधल्या विद्यापीठात, दुसरं जर्मनीतल्या, प्रबंध एकच आणि शेवटी दोन डिग्र्या. हेमंतने मला विचारलं, "ताई, कम्पॅरेटिव्ह म्हणजे कशाशी कम्पेअर करायचं?" मी म्हटलं, एका भाषेतलं दुसऱ्या भाषेतल्याशी. तो म्हणाला, "मग विनर कोण ते सांगतात का शेवटी?" अपर्णाने मंडळात सांगून टाकलं की रेवा युरोपात डेटाचंच काहीतरी करते. कुणी खोलात विचारलं की ती समोसे गरम करायला उठायची.

मला मात्र त्या डिग्रीचं धंदेवाईक कुतूहल होतं. माझ्या टेबलावरून असली जोड-डिग्री चार-पाच वेळा गेली होती आणि दर वेळी डोकं दुखलं होतं. रेवा सुट्टीत आली की माझ्याकडे जेवायला यायची आणि सगळं रंगवून सांगायची. फ्रान्समधल्या सरांना निबंधाचे तीन भाग लागायचे. तुझ्याकडे दोनच मुद्दे असतील तर तिसरा शोध, पण भाग तीन. जर्मनीतल्या प्रोफेसर बाईंना भागांचं सोयरसुतक नव्हतं, त्यांना प्रत्येक वाक्याखाली तळटीप लागायची. महिन्यातून एकदा दोघं व्हिडिओवर एकत्र वर्ग घ्यायचे. सर बोलत असताना बाई टिपणं काढायच्या आणि बाई बोलत असताना सर खिडकीबाहेर बघायचे.

"मावशी, फ्रान्समध्ये आय लर्न्ड टू बी राँग ब्यूटिफुली," रेवा म्हणाली. "जर्मनीत आय लर्न्ड टू बी राइट, सो दॅट नोबडी वुड एव्हर रीड इट."

दोन देशांनी मिळून एक डिग्री द्यायची ठरवली की कागद अर्धे होतील असं बाहेरच्याला वाटतं. ते दुप्पट होतात. रेवा दुसऱ्या वर्षी जर्मनीत असताना फ्रान्सच्या ऑफिसला ती तिथे नाही याचा दाखला हवा होता आणि जर्मनीच्या ऑफिसला ती जर्मनीत आहे याचा. दोन्ही दाखल्यांवर सही एकाच बाईंची आणि त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. रेवा सहा आठवडे कुठेच नव्हती.

तिचा प्रबंध होता न पोचलेल्या पत्रांवर. दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच आणि जर्मन कादंबऱ्यांत पत्रं उशिरा पोचतात, भलत्याच्याच हातात पडतात, दाराच्या फटीतून जाजमाखाली सरकतात, आणि त्यावरून माणसं जीव देतात. फ्रेंच कादंबरीत पत्र चुकलं की कुणाच्या तरी लग्नाचा प्रश्न येतो आणि जर्मन कादंबरीत कुणाच्या तरी कर्तव्याचा, असं तिचं म्हणणं. हे तिने एकदा जेवताना समजावून सांगितलं. हेमंतने भाकरी मोडता मोडता नीट ऐकलं.

"हे सगळं ट्रॅकिंग नंबर नसल्यामुळे झालं," तो म्हणाला.

"डॅड, पत्र पोचलं असतं तर नॉव्हेल दहा पानांत संपलं असतं."

"मी तेच म्हणतोय."

पोरगी हसली, आम्हीही हसलो. बापलेकीचं असं छान चालायचं. डिग्री हातात आली आणि हेमंतच्या थट्टा एकदम थांबल्या. प्रबंधाचा विषय निघाला की तो भांडी विसळायला जायचा. मला वाटलं, वय झालं, सुधारला. मी त्या सुधारणेचं अपर्णाजवळ कौतुकसुद्धा केलं.

परत आल्यावर रेवाने दोन वर्षं पुस्तकांच्या दुकानात काम केलं आणि मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मग जवळच्या गावातल्या सरकारी हायस्कूलमधल्या फ्रेंच-जर्मन शिकवणाऱ्या बाई अचानक सोडून गेल्या आणि रेवाने अर्ज केला. मुलाखत उत्तम झाली. दोन्ही भाषा शिकवू शकणारं माणूस त्यांना दुसरं मिळत नव्हतं. अट एकच, परदेशी डिग्रीचा अहवाल ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हातात हवा. तो आला नाही तर जर्मनचा वर्ग कॉम्प्युटरवर चालवायचा आणि मुलांनी खुर्च्यांवरून उड्या मारू नयेत म्हणून एक मोठं माणूस बसवायचं, असं शाळेचं ठरलं होतं. दोन वर्षांत रेवाला मुलाखतीपर्यंत पोचवणारी ती पहिलीच नोकरी होती. ती गेली तर घरचे तिला कोडिंगच्या क्लासला घालणार होते, आणि या वेळी ती नाही म्हणणार नव्हती. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती ऑफिसात आली. "मावशी, आय नो यू डोंट डू फ्रेंड्स. मी अपॉइंटमेंट घेतलीय." ओळखीच्यांचे मार्क मी फुकट आणि समारंभात बघत नाही, हे आख्ख्या मंडळाला पाठ होतं. नाहीतर हळदीकुंकवालासुद्धा बायका वाणाबरोबर गुणपत्रिका पुढे करायच्या. तिने फाइल उघडली. ओरिजिनल इतके दिवस हेमंतच्या कपाटात होते, तिने सकाळी घाईत फाइल न उघडता तशीच उचलून आणली होती. आतून दोन चकचकीत पाट्या निघाल्या. फ्रेंच डिग्री, जर्मन डिग्री, कडा गोल कापलेल्या.

मी सवयीने अंगठा फिरवला. तो सरळ घसरत पलीकडे गेला. रेवाने काउंटरवरची लाल पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पाटी वाचली. मागे लिंडा येऊन उभी होती. तिने काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं.

मी हेमंतला फोन लावला.

"हो ताई, दोन्ही मीच केलीयेत," तो अभिमानाने म्हणाला. "बाहेर नाही दिली, मशीन विकत आणलं. सगळ्यात जाड शीट मिळते ना, ती घातली."

मी नियम सांगितला. मग त्याने विचारलं, "हेअर ड्रायरने निघतं का? मी आत्ता एक व्हिडिओ बघतो." मी त्याला म्हटलं, तू घरातल्या कुठल्याही गरम वस्तूला हात लावायचा नाही.

रेवाने फ्रान्सला मेल केली. उलट टपाली उत्तर आलं, कारण ते मशीनने पाठवलं होतं. ऑफिस ऑगस्टअखेरपर्यंत बंद आहे, आपली सुट्टी आनंदात जावो. शिवाय डिग्री तिथे आयुष्यात एकदाच देतात, हेही त्याच मेलच्या तळाशी होतं. जर्मनीचं परीक्षा ऑफिस उघडं होतं, म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी दोन तास फोन उचलत होतं. तिथल्या फ्राउ क्रामर नावाच्या बाईंनी आधी सांगितलं की मूळ विद्यापीठ फ्रान्सचं, त्यांना विचारा. ते सुट्टीवर आहेत म्हटल्यावर बाई म्हणाल्या की ते दरवर्षीच असतात. तिसऱ्या फोनला त्या विरघळल्या. दोन्ही देशांच्या करारामुळे दोन्ही वर्षांचा पूर्ण रेकॉर्ड त्यांच्याकडेही होता आणि तो त्या शिक्क्यासह थेट आमच्या ऑफिसला पाठवू शकत होत्या. विद्यापीठाकडून थेट आलेला रेकॉर्ड आम्हाला मूळ कागदाइतकाच चालतो. लिंडाने मान डोलावली, आणि अहवाल मी नाही, ती स्वतः करणार असं सांगितलं. ते बरोबरच होतं.

फक्त एक फॉर्म भरायचा होता, मूळ प्रमाणपत्र निकामी झाल्याचा.

रविवारी दुपारी रेवा, हेमंत आणि अपर्णा तिघंही माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले. अर्जदाराला घरी बोलावून मदत करणं हे माझ्या नोकरीत बसत नव्हतं. मी पोहे केले आणि तो नियम विसरले. फॉर्ममध्ये नुकसानीचं कारण निवडायला रकाने होते. चोरी, आग, पाणी, गहाळ, इतर. रेवाने 'इतर'वर खूण केली आणि समोर लिहिलं, वडील.

"बरोबर आहे," अपर्णा म्हणाली. "इतरमध्येच येतात ते."

पण फ्राउ क्रामरना तेवढ्याने भागत नव्हतं. ज्याने नुकसान केलं त्याने काय केलं, कधी केलं आणि का केलं, हे स्वतःच्या शब्दांत लिहून सही करायची आणि सोबत जर्मन भाषांतर जोडायचं. हेमंतने आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत, कंपनीत बिघाडाचा अहवाल लिहितात तसं, मुद्दे पाडून. रेवा एकेक वाक्य वाचत जर्मनमध्ये टाइप करत होती आणि हसत होती. "डॅड, मशीन किती डिग्रीला गरम केलं ते त्यांना कशाला हवंय?"

"फुल डिटेल द्यावेत," हेमंत म्हणाला. तो पोह्यांतले दाणे वेगळे काढत बसला होता.

मग ती 'का' या मुद्द्यावर आली आणि तिचे हात थांबले. तिने वर बघितलं नाही. मी चष्मा लावून स्क्रीन माझ्याकडे वळवली. हेमंतने लिहिलेलं मराठीत असं होतं:

"माझ्या मुलीला सरासरी अठ्ठेचाळीस टक्के मिळाले. आमच्या घरात एवढे कमी मार्क कुणाला मिळालेले नाहीत. ती त्याबद्दल बोलली नाही आणि मी विचारलं नाही. एवढ्या मार्कांवर मिळालेली डिग्री खराब झाली तर विद्यापीठ दुसरी देणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी सगळ्यात जाड प्लॅस्टिक आणलं."

"व्हॉट फॉर्टी-एट?" रेवा म्हणाली.

हेमंतने फोन काढला. त्यात एक एक्सेल शीट होती, नीट रंग भरलेली. फ्रान्स, वीसपैकी चौदा, सत्तर टक्के. जर्मनी, पाचपैकी एक पूर्णांक तीन, सव्वीस टक्के. बेरीज भागिले दोन. पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाची शीट होती, गणितात कुठे चूक नव्हती.

मला हसू आलं, ते मी दाबलं. मग ते आपोआप गेलं. मी त्याला समजावून सांगितलं. जर्मनीत एक म्हणजे सगळ्यात वर, पाच म्हणजे नापास. एक पूर्णांक तीन म्हणजे वर्गात तिच्या पुढे एखादंच कुणी असेल. आणि फ्रान्समध्ये वीसपैकी चौदा देताना प्राध्यापकाचा हात थरथरतो. इथल्या मापात दोन्हींचा अर्थ एकच, ए. हे मला सांगायला दीड मिनिट लागलं. मी ते दिवसातून चार वेळा अनोळखी लोकांना सांगत होते.

"म्हणजे सव्वीस टक्के नाही," हेमंत म्हणाला.

"नाही."

त्याने शीटकडे परत एकदा बघितलं. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. जर्मनीचे मार्क कसे बघतात म्हणून. तुम्ही म्हणालात, ऑफिसची अपॉइंटमेंट घे."

मी म्हटलं असणार. मी सगळ्यांना तेच म्हणायचे, आणि त्यावर लोक हसले की मला बरं वाटायचं. त्या एका उत्तरापायी हा माणूस दोन वर्षं मुलीसमोर मान खाली घालून वावरला. तिला वाटलं, बापाला आपल्या शिक्षणाची लाज वाटते. त्याला वाटलं, ती नापासासारखे मार्क लपवते आहे. दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं आणि बोलणं टाकलं. आयुष्यभर मार्क समजावून सांगायची नोकरी केली आणि चार घरं सोडून राहणाऱ्याला ते सांगितले नाहीत, याची मला त्या दुपारी खरोखर शरम वाटली.

हेमंतने खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉपकडे हात नेला. "दे इकडे. राँग इन्फर्मेशन आहे ती. मी बदलतो."

"नो." तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "त्यांनी कारण विचारलंय. हेच कारण आहे."

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. फॉर्म सोमवारी गेला. रेकॉर्ड पुढच्या गुरुवारी कुरियरने आला, शिक्का माझ्या अंगठ्याला बरोबर लागला, लिंडाने त्याच दुपारी अहवालावर सही केली. रेवा आता त्या शाळेत शिकवते आणि मुलं तिच्या वर्गातही खुर्च्यांवरून उड्या मारतात असं ऐकते.

पण त्या दुपारी तिने बापाच्या पाच वाक्यांना पाऊण तास घेतला. दोन देशांत दोन वर्षं घासून ती जे शिकली होती ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती एकेक वाक्य पुन्हा वाचायची, खोडायची, परत लिहायची. शेवटी एका ठिकाणी ती अडली आणि तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघून मराठीत विचारलं, "डॅड, इथे तू लिहिलंयस, मी विचारलं नाही. मला नक्की सांग. विचारलं नाहीस, की विचारता आलं नाही?"

हेमंतने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"आलं नाही," तो म्हणाला.

तिने तसं लिहिलं आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.